तीन डेस्कटॉपांवरून एकावर

डेबियन या लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या संगणकावर ग्नोम, केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई असे तीन डेस्कटॉप, म्हणजे पॅनेल, मेनू आणि खिडक्या पुरवणारे तीन संच, बराच काळ एकत्र नांदत होते. हे मुद्दाम जुळवून आणलेले नव्हते. डेबियनचा इन्स्टॉलर डेस्कटॉपांची यादी दाखवतो आणि तिच्यातल्या हव्या तितक्या पर्यायांवर खूण करू देतो. शिवाय नंतर कधीही एखादे मेटापॅकेज (अनेक पॅकेजे एकदम ओढून आणणारे पॅकेज) मागवले की आणखी एक डेस्कटॉप आपल्या सगळ्या लवाजम्यासह मुक्कामाला येतो. लॉगिनच्या पडद्यावर सेशन, म्हणजे कोणत्या डेस्कटॉपमध्ये शिरायचे ते, निवडता येत असल्यामुळे ही व्यवस्था सुरुवातीला ऐसपैस वाटते. अखेर एकच डेस्कटॉप ठेवायचे ठरवले आणि एक्सएफसीई ठेवला. ते काम कोणत्या क्रमाने केले आणि तोच क्रम मला योग्य का वाटतो, हे येथे सविस्तर लिहितो आहे. कारण या बाबतीत सहसा मिळणारा सल्ला ‘नको ती पॅकेजे काढून टाका’ एवढ्यावर आटोपतो, आणि माझ्या मते पॅकेजे काढणे हे या कामातले अगदी शेवटाकडचे पाऊल आहे.

तीन डेस्कटॉपांमुळे जागा अडते, मेनूत तीन टेक्स्ट एडिटर आणि तीन टर्मिनल दिसतात, हे खरे असले तरी तेवढ्यासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. खरी अडचण दिसत नाही अशा जागी असते. डेस्कटॉप म्हणजे केवळ पॅनेल, मेनू आणि खिडक्यांच्या कडा नव्हेत. त्याच्या मागे काही नेमून दिलेल्या जबाबदाऱ्या असतात. सूचना पडद्यावर कोणी दाखवायच्या, पासवर्ड कोणी सांभाळायचे, प्रशासकाचा अधिकार लागला की पासवर्ड कोणी विचारायचा, फाइल निवडण्याची खिडकी कोणी उघडायची, अशा बहुतेक कामांसाठी डी-बस या अंतर्गत संदेशयंत्रणेवर एक ठरलेले नाव असते आणि एका सेशनमध्ये ते नाव एका वेळी एकाच प्रोग्रामकडे असू शकते. केडीईची घोषणा मॅथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केली. केडीई ज्यावर उभे होते त्या क्यूटी लायब्ररीचा तेव्हाचा परवाना पुरेसा मुक्त नसल्याच्या कारणावरून मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोमची सुरुवात केली. दोन्ही प्रकल्पांनी आपापल्या वाटा धरल्यावर एका डेस्कटॉपचा प्रोग्राम दुसऱ्यावर नीट चालावा म्हणून काही गोष्टी सामायिक करणे भाग होते, आणि २००० मध्ये हॅवॉक पेनिंग्टन यांनी त्यासाठी फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू केला. सूचनांसारख्या कामांची ही सामायिक नावे त्याच विचारातून आली. नाव सामायिक असल्यामुळे कोणताही डेस्कटॉप ती जबाबदारी घेऊ शकतो, हा त्याचा फायदा. आणि तीन डेस्कटॉप बसवलेले असतील तर तिघेही ती घ्यायला पुढे येतात, हा तोटा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, येथे तर तीन होत्या.

उदाहरण म्हणून सूचनांकडेच जरा जवळून पाहू. एखाद्या प्रोग्रामला ‘डाउनलोड पूर्ण झाले’ असे सांगायचे असते, तेव्हा तो डी-बसवरील सूचनांच्या नावाला हाक मारतो. ते नाव त्या क्षणी कोणाकडेच नसेल, तर ही यंत्रणा सिस्टिममधल्या छोट्या सर्व्हिस फाइली वाचून ‘हे काम कोण करतो’ याचा शोध घेते आणि त्याप्रमाणे तो प्रोग्राम उठवते. एक्सएफसीईची फाइल त्याच्या सूचक प्रोग्रामकडे बोट दाखवते. प्लाझ्माची फाइल मात्र वेगळी आहे: प्लाझ्मामध्ये सूचना दाखवण्याचे काम त्याचा मुख्य शेल, म्हणजे पॅनेल आणि पडदा सांभाळणारा प्रोग्रामच, करत असल्यामुळे ती फाइल एका अगदी लहान प्रोग्रामला उठवते, आणि हा प्रोग्राम शेल जागा होऊन ते नाव घेईपर्यंत फक्त वाट पाहतो. प्लाझ्माच्या सेशनमध्ये हे तर्कशुद्ध आहे. एक्सएफसीईच्या सेशनमध्ये मात्र तो शेल कधीच येणार नसतो. एक्सएफसीईचा सूचक आधीच चालू असेल तर काही बिघडत नाही. तो उठण्यापूर्वीच कोणी हाक मारली आणि यंत्रणेच्या हाती प्लाझ्माची फाइल लागली, तर सूचना दिसत नाही आणि ती पाठवणारा प्रोग्राम ताटकळतो. असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि त्यामुळे त्याचे मूळ सापडणे अवघड होते.

दुसरा असाच प्रकार पोर्टलचा. फ्लॅटपॅक (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त पॅकेजांतले) प्रोग्राम, आणि आता कित्येक साधे प्रोग्रामही, फाइल निवडणे, गडद किंवा उजळ रूप विचारणे अशा कामांसाठी एक्सडीजी डेस्कटॉप पोर्टल या मध्यस्थाकडे जातात. हा मध्यस्थ स्वतः काम करत नाही. ते ग्नोम, केडीई किंवा जीटीके (ग्नोम आणि एक्सएफसीईचे प्रोग्राम ज्यावर बनतात ती लायब्ररी) यांपैकी एखाद्या पाठीमागच्या सेवेकडे सोपवतो. निवडलेली सेवा चालू सेशनशी जुळणारी नसेल आणि तिने उत्तरच दिले नाही, तर विचारणारा प्रोग्राम डी-बसची मुदत संपेपर्यंत थांबतो, आणि ही मुदत साधारणपणे २५ सेकंदांची असते. एखादा साधा एडिटर उघडायला जवळपास अर्धा मिनिट लागतो आणि एकदा उघडला की विजेसारखा चालतो, असे दिसले तर प्रोसेसरला किंवा डिस्कला दोष देण्यापूर्वी पोर्टलची चौकशी करावी. २०२३ पासून कोणत्या डेस्कटॉपसाठी कोणती सेवा वापरायची हे एका सेटिंग फाइलमध्ये स्पष्ट लिहिता येते, त्यामुळे हा गोंधळ बराच आवरला आहे. एक्सएफसीईसाठी जीटीकेची सेवा पुरेशी असते. सध्या कोणते नाव कोणाच्या ताब्यात आहे हे पाहायचे असेल तर बससीटीएल ही आज्ञा वापरकर्त्याच्या सेशनपुरती चालवावी. समोर येणारी यादी लांब असते, पण माझ्या अनुभवात तीन डेस्कटॉपांच्या संगणकाचे खरे चित्र तिच्याइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवत नाही.

एक्सएफसीईच का, याचे उत्तर थोडक्यात देतो. प्लाझ्मा सर्वांत समर्थ आहे, आणि ज्यांच्याकडे वेगवेगळ्या घनतेचे दोन पडदे आहेत किंवा ज्यांना वेलँड (खिडक्या पडद्यावर आणण्याची नवी पद्धत) हवेच आहे, त्यांनी तोच निवडावा. एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीत वेलँडचा आधार प्रायोगिक स्वरूपाचाच आहे. ग्नोम देखणा आहे. पण त्याच्या काम करण्याच्या पद्धतीत बदल करायचे तर एक्स्टेन्शन घ्यावी लागतात आणि दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीबरोबर ती चालतील की नाही याची धाकधूक राहते. एक्सएफसीईमध्ये दोन आवृत्त्यांच्या मध्ये दोन-दोन वर्षे जातात. मला डेस्कटॉपने बदलू नये असे वाटते. हा आवडीचा प्रश्न आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एकदा निवड झाली की पहिले काम पासवर्डचे. ग्नोमकडे कीरिंग आहे आणि केडीईकडे वॉलेट. क्रोमियम आणि त्यावर आधारलेले ब्राउझर सुरू होताना चालू डेस्कटॉप कोणता ते ओळखतात; प्लाझ्मा असेल तर वॉलेटकडे जातात, ग्नोम किंवा एक्सएफसीई असेल तर कीरिंगकडे. साठवलेले पासवर्ड आणि कुकी ज्या किल्लीने कुलूपबंद केलेल्या असतात ती किल्ली या तिजोरीत असते. त्यामुळे प्लाझ्मामध्ये वापरलेला ब्राउझर एक्सएफसीईमध्ये उघडला की सर्व संकेतस्थळांवरून लॉगआउट झालेले दिसते आणि पासवर्डची यादी रिकामी वाटते. माहिती डिस्कवर जशीच्या तशी असते, किल्ली मात्र दुसऱ्या तिजोरीत असते. अशा वेळी घाईने पुन्हा लॉगिन करत सुटण्यापेक्षा जुन्या सेशनमध्ये परत जावे, ब्राउझरच्या सेटिंगमधून पासवर्ड फाइलमध्ये उतरवून घ्यावेत, नव्या सेशनमध्ये ती फाइल आत घ्यावी आणि लगेच पुसून टाकावी, कारण तिच्यात सगळे उघड्या अक्षरांत लिहिलेले असते. फायरफॉक्स आपले पासवर्ड स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे त्याला या बदलाचे सोयरसुतक नसते.

केडीईच्या वॉलेटच्या अलीकडच्या आवृत्त्या कीरिंगचे सामायिक नावही घेऊ शकतात, त्यामुळे दोन्ही बसवलेले असतील तर जो आधी जागा होईल त्याच्याकडे ते नाव जाते. याच कारणासाठी वॉलेट रिकामे करून बंद करणे हे केडीईची पॅकेजे काढण्याच्या कितीतरी आधी करायचे काम आहे. वाय-फायच्या पासवर्डचेही तसेच आहे. नेटवर्क मॅनेजर ही सेवा सर्व डेस्कटॉपांना सामायिक असली तरी एखाद्या जोडणीचा पासवर्ड ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’ ठेवलेला असेल तर तो त्या त्या डेस्कटॉपच्या तिजोरीत राहतो. तो ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ असा बदलला की सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जातो आणि डेस्कटॉप कोणताही असला तरी जोडणी होते.

आता एक गंमत सांगायला हवी. एक्सएफसीई ठेवायचा आणि ग्नोम काढायचा, असे म्हणताना ग्नोमच्या घरची काही मंडळी ठेवावीच लागतात. पासवर्डसाठी एक्सएफसीई ग्नोमचेच कीरिंग वापरतो, आणि सेशनच्या सेटिंगमध्ये ग्नोमच्या सेवा सुरू करण्याचा वेगळा पर्यायच दिलेला आहे. लॉगिन करतानाच कीरिंग आपोआप उघडावे यासाठी त्याचे पॅम (लॉगिनच्या वेळी ओळख तपासणारी यंत्रणा) मॉड्यूलही लागते; ते नसेल, किंवा आपोआप लॉगिन होण्याची सोय चालू असेल, तर प्रत्येक वेळी वेगळा पासवर्ड विचारला जातो. थुनार हा फाइल मॅनेजर कचरापेटी आणि नेटवर्कवरील फोल्डर जीव्हीएफएस या सेवेच्या आधाराने दाखवतो. तेही मूळ ग्नोमचेच. पॅनेलवर दिसणारे नेटवर्कचे चिन्ह ज्या पॅकेजातून येते त्याच्या नावातच डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ग्नोम हा शब्द होता. म्हणजे नावात ग्नोम दिसले की काढून टाकायचे, असा सरसकट नियम लावणाऱ्याला कचरापेटी आणि नेटवर्कचे चिन्ह, दोन्हींवर पाणी सोडावे लागते. जे ठेवायचे आहे ते आधीच एपीटी-मार्क या आज्ञेने ‘हाताने बसवलेले’ असे नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढच्या साफसफाईत ते वाहून जात नाही.

पोलकिट एजंट हे यातले सर्वांत दुर्लक्षित पात्र. प्रशासकाचा अधिकार लागणारे काम मेनूतून सुरू केले की पासवर्ड विचारणारी जी खिडकी येते, ती हा एजंट दाखवतो, आणि केडीई, माटे, एलएक्सक्यूटी अशा अनेक डेस्कटॉपांचे एजंट वेगवेगळे आहेत. एजंट बसवलेला असणे आणि चालू असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, कारण आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या फाइलींमध्ये ‘फक्त अमुक डेस्कटॉपवर’ अशी अट घालता येते. चालू एजंट नसेल तर खिडकी येत नाही, त्रुटीही दिसत नाही. मेनूवर क्लिक केले आणि काहीच घडले नाही, एवढेच कळते. एक्सएफसीईच्या सेशनमध्ये मेनूतून असे एखादे काम सुरू करून पाहावे आणि पासवर्डची खिडकी खरोखर येते याची खात्री करून घ्यावी. टर्मिनलमधून तपासणे फसवे ठरते, कारण तेथे पीकेएक्झेक ही आज्ञा एजंट नसला तरी अक्षरांतच पासवर्ड विचारून वेळ मारून नेते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी पाहावी. इनस्क्रिप्ट वापरत असाल तर कीबोर्डच्या साध्या सेटिंगवर काम भागते. फक्त ग्नोममध्ये निवडलेली मांडणी एक्सएफसीईमध्ये पुन्हा निवडावी लागते, कारण दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या आहेत. उच्चारानुसारी टंकलेखनासाठी मात्र आयबस किंवा एफसीटिक्स यांसारखे टंकलेखनाचे साधन लागते. ग्नोममध्ये आयबस आतूनच जोडलेले असल्यामुळे वापरणाऱ्याला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही, आणि म्हणूनच एक्सएफसीईमध्ये आल्यावर ते हरवल्यासारखे वाटते. डेबियनमध्ये आयएम-कॉन्फिग या साधनाने ते निवडले की जीटीके आणि क्यूटी या दोन्ही प्रकारच्या प्रोग्रामांसाठी लागणारी पर्यावरण-चले (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) लिहिली जातात. एका प्रोग्राममध्ये मराठी उमटते आणि दुसऱ्यात उमटत नाही, असे झाले तर बहुधा या दोहोंपैकी एक चल राहून गेलेले असते.

यानंतर लॉगिनचा पडदा, म्हणजे तो दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर. ग्नोमचा जीडीएम, केडीईचा एसडीडीएम आणि एक्सएफसीईसोबत सहसा वापरला जाणारा लाइटडीएम, यांपैकी एका वेळी एकच चालू असतो. डीपीकेजी-रिकॉन्फिगर या आज्ञेने लाइटडीएम निवडावा, संगणक पुन्हा सुरू करावा, एक्सएफसीईमध्ये व्यवस्थित लॉगिन होते याची खात्री करावी आणि मगच इतर दोघांकडे वळावे. चालू सेशन ज्याच्या आधाराने उघडले आहे तोच डिस्प्ले मॅनेजर काढायला जाणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे. पडदा कोराच राहिला तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून अक्षरांचा कन्सोल उघडता येतो, हे आधीच माहीत असलेले बरे. पडद्याच्या कुलपाची व्यवस्थाही याच वेळी पाहावी. ग्नोमचे कुलूप जीडीएमवर अवलंबून असते, एक्सएफसीईचा स्वतंत्र स्क्रीनसेव्हर आहे.

एवढे सगळे झाल्यावर काही दिवस संगणक केवळ एक्सएफसीईमध्ये वापरला, तिन्ही डेस्कटॉप डिस्कवर असतानाच. ज्या गोष्टी अडायच्या त्या याच काळात अडतात, आणि मागे जाण्याची वाट तोवर मोकळी असते.

मग पॅकेजे काढणे. येथे एपीटीचा, म्हणजे डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाचा, एक स्वभाव ठाऊक असायला हवा. मेटापॅकेज आत जवळजवळ रिकामे असते. इतर पॅकेजांची यादी एवढेच त्याचे स्वरूप. ते काढल्यावर त्या यादीतली पॅकेजे आता निराधार झाली, असे आपल्याला वाटते. पण डेबियनच्या मूळ सेटिंगनुसार मेटापॅकेजाच्या विभागातले पॅकेज काढले की त्याने थेट मागवलेली पॅकेजे ‘हाताने बसवलेली’ ठरतात, आणि ऑटोरिमूव्ह ही निराधार पॅकेजे काढणारी आज्ञा त्यांना हात लावत नाही. हेतू चांगला आहे: एक नको असलेला खेळ काढला म्हणून अख्खा डेस्कटॉप निघून जाऊ नये. परिणाम मात्र असा की मेटापॅकेज काढून ऑटोरिमूव्ह चालवणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. यावर उपाय म्हणजे नको असलेल्या डेस्कटॉपचे मुख्य घटक, म्हणजे ग्नोम शेल, प्लाझ्मा वर्कस्पेस, त्यांचे फाइल मॅनेजर आणि सेटिंगचे प्रोग्राम, नावाने काढणे किंवा एपीटी-मार्कने त्यांना ‘आपोआप आलेली’ असे पुन्हा नोंदवणे. त्यातही एखादे उरलेले पॅकेज दुसऱ्याची नुसती शिफारस किंवा सूचना करत असेल, तरीही एपीटी ते दुसरे ठेवतो. म्हणून ऑटोरिमूव्हची एक फेरी पुरेशी ठरत नाही.

प्रत्येक आज्ञा आधी सिम्युलेट करून, म्हणजे प्रत्यक्षात काही न बदलता, पाहावी आणि येणारी यादी खरोखर वाचावी. त्या यादीत ध्वनीची पाइपवायर, छपाईची कप्स, नेटवर्क मॅनेजर किंवा लिबरऑफिसचे भाग दिसले तर थांबून त्यांना आधी राखून ठेवावे. मी आधी केडीई काढला आणि नंतर ग्नोम, कारण एक्सएफसीईचे केडीईशी नाते दूरचे आहे आणि ग्नोमशी जवळचे. सोपे काम आधी केल्यामुळे पुढची यादी आटोपशीर झाली. काय काय निघाले याची नोंद एपीटी स्वतःच्या इतिहासात ठेवतो, ती फाइल काही काळ जपून ठेवावी.

पर्ज ही आज्ञा सिस्टिममधल्या सेटिंग पुसते, पण होम फोल्डरला हात लावत नाही. तेथले अवशेष आपले आपण वेचावे लागतात. केडीईने जीटीके प्रोग्रामांसाठी लिहिलेल्या रंगांच्या फाइली तशाच राहतात, आणि प्लाझ्मा गेल्यानंतरही एक्सएफसीईच्या खिडक्यांत त्याचे रंग डोकावतात. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवण्यासंबंधीची फॉन्टकॉन्फिगची फाइलही केडीई लिहितो. देवनागरी अक्षरे अचानक जाड किंवा बारीक वाटू लागली तर ती पाहावी. बलू या शोधयंत्रणेचा निर्देशांक आणि अकोनाडी या मेल आणि संपर्क सांभाळणाऱ्या सेवेचा डेटाबेस मात्र जागा खातात, आणि त्यांना वाचणारा आता कोणी नसतो. हे सगळे थेट पुसण्याऐवजी आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडेल हे सांगणारी यादीही तपासली. नसलेल्या प्रोग्रामांची नावे तिच्यात असली तरी त्या ओळी सोडून दिल्या जातात, पण त्यामुळे पीडीएफ भलत्याच ठिकाणी उघडू शकते.

डेस्कटॉप काढला म्हणजे त्याचे सगळे प्रोग्राम काढले पाहिजेत, असे मुळीच नाही. केडीईचे ऑक्युलर (पीडीएफ वाचण्यासाठी) आणि केट (एडिटर) माझ्याकडे आजही आहेत आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या क्यूटीच्या लायब्ररी डिस्कवर आहेत. डॉल्फिन हा केडीईचा फाइल मॅनेजर मात्र सोडावा लागला, कारण ‘यात उघडा’ ही यादी तो प्लाझ्माच्या मेनू फाइलवरून तयार करतो आणि प्लाझ्मा नसलेल्या सेशनमध्ये ती यादी रिकामी निघू शकते. पर्यावरण-चल बदलून त्यावर तोडगा निघतो, पण थुनार असताना तेवढी मेहनत घ्यावीशी वाटली नाही.

शेवटची तपासणी म्हणून एक नवे वापरकर्ता खाते उघडले आणि त्यातून लॉगिन केले. नव्या खात्यात जुन्या फाइलींचा वारसा नसतो, त्यामुळे जे तेथे नीट चालते आणि आपल्या खात्यात चालत नाही त्याचे कारण होम फोल्डरमध्ये असते. दोन्हीकडे सारखेच बिघडत असेल तर सिस्टिममध्ये. फाइल निवडण्याची खिडकी, सूचना, पासवर्डची विचारणा, कचरापेटी आणि मराठी टंकलेखन एवढे त्या खात्यातून तपासले आणि ते खाते त्याच्या फोल्डरसह काढून टाकले.